पाणी भरपूर प्या, पण पाण्याच्या भरवशावर पिऊ नका

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि लग्नाचे मुहूर्तही याच दिवसांत गर्दी करतात. तात्यापारा, बुढापारा, चौबे कॉलनी इथल्या मराठी घरांत नागपूर, भंडारा, अमरावतीकडचं वऱ्हाड उतरतं. रात्री वरात नाचते, जेवणं होतात आणि मग काही मंडळींची वेगळी बैठक जमते. सकाळी त्यांतल्या अनेकांचं डोकं ठणकत असतं, तोंडाला कोरड पडलेली असते, चहाचा वासही नकोसा होतो. मग कुणीतरी अनुभवी माणूस निदान करतो, ‘पाणी कमी पडलं. दोन पेगांच्या मध्ये ग्लासभर पाणी घेतलं असतं, तर काही झालं नसतं.’

हा सल्ला अर्धाच खरा आहे. पाणी हवंच, आणि छत्तीसगडच्या उन्हाळ्यात तर दुप्पट काळजीने हवं. पण पाणी प्यायलं म्हणून दारू बाधत नाही, हा समज चुकीचा आहे. त्या समजापायी माणूस नेहमीपेक्षा जास्त पितो, सकाळी निर्धास्तपणे गाडी काढतो, उन्हात कामाला जातो. म्हणून पाण्याने काय साधतं आणि काय साधत नाही, हे नीट समजून घेऊ.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. जो पीत नाही त्याने सुरू करू नये. गरोदर स्त्रीने, यकृताचा आजार असलेल्याने आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने थेंबही घेऊ नये. पुढचं मार्गदर्शन आहे ते जे पितात त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या घरच्यांसाठी.

रात्रीतून शरीरात काय घडतं

आपल्या मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं एक संप्रेरक स्रवतं. मूत्रपिंडांनी पाणी राखून ठेवावं, हा निरोप ते पोहोचवतं. दारू या संप्रेरकाला दाबते. निरोप पोहोचत नाही आणि मूत्रपिंडं पाणी सोडून देतात. ढोबळ मानाने १० ग्रॅम अल्कोहोलमागे १०० मिलिलिटर जास्तीची लघवी होते. उलटी झाली, नाचताना घाम गेला, तर तूट आणखी वाढते. तहान, कोरडं तोंड, उभं राहिल्यावर येणारी भोवळ यांमागे हे कारण असतं.

पण सकाळच्या त्रासाची कारणं एवढ्यावर संपत नाहीत. यकृत अल्कोहोलचं रूपांतर आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात करतं आणि मग ते निकामी करतं. या कामात शरीरात दाह उठतो, प्रतिकारशक्ती चाळवते. ताप येण्याआधी वाटते तशी कणकण आणि मरगळ त्यातूनच येते. जठराचं अस्तर चुरचुरतं, म्हणून मळमळ होते. दारू प्यायल्यावर झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुकड्यातुकड्यांत मोडते. आठ तास अंथरुणात काढूनही अंग शिणलेलंच राहतं. रिकाम्या पोटी प्यायलं असेल, तर रक्तातली साखरही उतरू शकते. शिवाय व्हिस्की, रम, ब्रँडी अशा गडद दारूंमध्ये आंबवताना आणि मुरवताना तयार झालेली इतर द्रव्यं व्होडकापेक्षा बरीच जास्त असतात. त्यांनीही सकाळचा त्रास वाढतो.

पाण्याने यांतली फक्त पाण्याची तूट भरते. ॲसिटाल्डिहाइड, दाह, मोडलेली झोप यांवर पाण्याचा इलाज नाही. उत्रेख्त विद्यापीठातले संशोधक योरिस व्हर्स्टर यांनी हँगओव्हरचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. शरीरातलं पाणी कमी होणं आणि हँगओव्हर या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, पण एक दुसरीचं कारण नाही, असा निष्कर्ष त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली हँगओव्हरवरच्या उपायांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही हँगओव्हर टाळणारा किंवा बरा करणारा एकही उपाय खात्रीलायक ठरला नाही. किती प्यायलात, हेच सकाळचं दुखणं मुख्यतः ठरवतं.

आपला पेग मोजायला शिका

हा हिशेब सोपा आहे आणि प्रत्येक पिणाऱ्याला तोंडपाठ हवा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल आणि ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम. ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे अडीच छोटे पेग. ८ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या तेवढ्याच बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार छोटे पेग. ‘मी फक्त दोन बिअर घेतल्या’ म्हणणाऱ्याने स्ट्राँगच्या दोन बाटल्या संपवल्या असतील, तर तो आठ पेग प्यायला आहे.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकामी करतं. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, लिंबू चोखणं, पळणं यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री नऊला बसून चार मोठे पेग घेतले, तर ८० ग्रॅम झाले. ते उतरायला आठ ते साडेअकरा तास लागतात. म्हणजे सकाळी आठलाही रक्तात दारू असू शकते.

लग्न आटोपून पहाटे नागपूरकडे निघणाऱ्यांनी हा आकडा विसरू नये. दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली करत जवळजवळ ३०० किलोमीटर जायचं असतं आणि महामार्गावर अवजड ट्रकांची रांग असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘ती तर रात्रीची होती’ हा बचाव चालत नाही. रक्तातली दारू पूर्ण उतरली तरी हँगओव्हरमध्ये लक्ष विचलित होतं, प्रतिसाद मंदावतो. गाडी दुपारनंतर काढा किंवा जो प्यायला नाही त्याच्या हाती द्या.

रायपूरचं ऊन आणि दारू

थंड प्रदेशात लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. मेच्या शेवटी नौतपा सुरू होतो, तेव्हा दिवसभर बाहेर फिरणाऱ्याचं शरीर संध्याकाळी बसण्याआधीच पाण्याला आसुसलेलं असतं. अशा वेळी गार बिअर गारवा देते, तहान भागल्यासारखी वाटते, आणि तहानेच्या नावाखाली ती भराभर पोटात जाते. म्हणून पहिला नियम असा, की तहान पाण्यानेच भागवा. उन्हातून आल्यावर आधी दोन ग्लास पाणी किंवा मीठ घातलेलं ताक घ्या. लघवीचा रंग गडद पिवळा असेल, तर त्या दिवशी दारूला हात लावू नका.

सर्वांत जास्त धोका आहे तो उरला आणि सिलतराच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल, भट्ट्या यांच्यासमोर आठ तास उभं राहायचं म्हणजे घामावाटे पाणी आणि मीठ सतत जाणार. आदल्या रात्रीच्या दारूने आधीच पाणी कमी झालेलं असतं, झोप मोडलेली असते, सकाळी मळमळीमुळे काही खाल्लेलं नसतं. अशा माणसाला उष्माघात लवकर गाठतो, आणि त्याच्या हातून यंत्रावर चूकही होऊ शकते. ज्याची सकाळची पाळी आहे, त्याने आदल्या रात्री पिऊ नये. मुकादमाला किंवा सोबत्यांना एखादा कामगार गुंगलेला दिसला, तर त्याला ओरडून कामाला लावू नका. सावलीत बसवा, पाणी द्या आणि त्या दिवशी भट्टीपासून दूर ठेवा. तो असंबद्ध बोलत असेल आणि अंग चटका बसेल इतकं तापलं असेल, तर उष्माघात समजा. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

प्यायचीच असेल तर

पोट रिकामं ठेवू नका. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून शोषलं जातं. पोटात अन्न असेल तर ते तिथे सावकाश पोहोचतं. वरण-भात, पोळी, पनीर, अंडी, दही असं नेहमीचं जेवण आधी करा. चकण्यातले खारे शेंगदाणे, फरसाण आणि तिखट चिवडा यांनी तहान वाढते आणि ग्लास लवकर रिकामा होतो. त्यांच्या जागी काकडी, टोमॅटो, मोड आलेली कडधान्यं, उकडलेले शेंगदाणे ठेवा.

एका छोट्या पेगला निदान एक तास द्या. प्रत्येक पेगनंतर साधारण २०० मिलिलिटर साधं पाणी प्या. याचा खरा फायदा दुहेरी आहे. तूट थोडी भरत राहते आणि मधल्या वेळेत हातातला ग्लास पाण्याचा असल्यामुळे एकूण दारू कमी होते. सोड्यासारख्या फसफसणाऱ्या पेयांतून दारू काही जणांना लवकर चढते, म्हणून साधं पाणी बरं. एनर्जी ड्रिंक त्यात कधीही मिसळू नका. त्याने झोप उडते, नशा तेवढीच राहते, आणि माणसाला आपण शुद्धीत आहोत असं वाटत राहतं.

‘आधी बिअर, मग वाइन’ अशा क्रमावर विसंबू नका. जर्मनीतल्या विटेन-हेर्डेके विद्यापीठात ९० जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बिअर आणि वाइनचा क्रम बदलून काहीच फरक पडला नाही. ज्यांना जास्त चढली आणि ज्यांना उलटी झाली, त्यांनाच सकाळी जास्त त्रास झाला.

झोपण्यापूर्वी एक-दोन ग्लास पाणी प्या आणि भरलेला तांब्या उशाशी ठेवा. एका दमात दोन-तीन लिटर पाणी मात्र ढोसू नका. त्याने उलटी होते आणि रक्तातलं सोडियम घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळावं.

सकाळी उठल्यावर

सकाळचा खरा इलाज वेळ आहे. बहुतेकांना २४ तासांत बरं वाटतं. तोवर शरीराला जड जाणार नाही अशी मदत करायची.

पाणी घोटाघोटाने घ्या. उलट्या झाल्या असतील, जुलाब असतील किंवा घाम फार गेला असेल, तर ओआरएस घ्या. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच पाण्यात मिसळा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चहाच्या चमच्याने मोजून. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचवलं. साखरेच्या सोबतीने आतडं मीठ आणि पाणी चांगलं शोषून घेतं, हे त्यामागचं तत्त्व आहे. दुकानातल्या गोड डबाबंद पेयांना ओआरएस समजू नका. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर ओआरएस डॉक्टरांना विचारून घ्या.

खाण्यासाठी छत्तीसगडच्या स्वयंपाकघरासारखी सोय क्वचित कुठे सापडेल. भात शिजवून गार झाल्यावर पाण्यात घातला की बोरे, आणि तोच रात्रभर पाण्यात राहिला की बासी. शेतावर राबणाऱ्या माणसाचं हे उन्हाळ्यातलं अन्न. १ मे २०२२ ला कामगार दिनी राज्य सरकारने लोकांना बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं, तेव्हा शहरातही त्याची पुन्हा आठवण झाली. पाणी, मीठ, पिष्ट आणि थोडं दही असं सगळं एकाच वाटीत मिळतं. त्या सकाळी मात्र त्यावर हिरवी मिरची आणि चटणी नको, कारण जठर आधीच चुरचुरलेलं असतं. भात आदल्या रात्रीचाच हवा, झाकलेला हवा, आणि वास बदलला असेल तर टाकून द्या. बस्तरकडची मडिया पेज, म्हणजे नाचणीची पेज, तिखुराचं सरबत, कैरीचं पन्हं, जिरं-मीठ घातलेलं ताक, केळं, मऊ भात यांतलं जे सोसेल ते थोडंथोडं घ्या. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम कमी असतं. सोबत काही खारट खा. चहा-कॉफीची रोजची सवय असेल तर अर्धा कप पुरे.

औषधांबाबत जपून राहा. रात्री भरपूर प्यायल्यावर डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेऊ नका. त्याचा भार यकृतावर पडतो आणि रोज पिणाऱ्याला तो जास्त घातक ठरतो. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन जठराला आणखी टोचतात. मेट्रोनिडाझोल हे जुलाबावरचं औषध सुरू असताना दारू घेतली, तर चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस सकाळी घामाघूम होऊन थरथरत असेल, तर हँगओव्हर म्हणून सोडून देऊ नका. लगेच साखर तपासा.

आणि ‘उतारा’ म्हणून सकाळी आणखी एक पेग घेऊ नका. त्याने त्रास काही तास पुढे ढकलला जातो आणि यकृताचं काम वाढतं. उताऱ्याची गरज रोज भासू लागली, तर ते व्यसनाचं लक्षण आहे.

मोहाची आणि सल्फी

वरचा पेगांचा हिशेब बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असेल तरच चालतो. छत्तीसगडच्या आदिवासी समाजात मोहफुलांच्या दारूला सणावारात आणि पूजेत मान आहे, तो त्यांच्या रीतीभातीचा भाग आहे. रायपूरहून जगदलपूरला फिरायला जाणाऱ्याने ती पाव्हण्यासारखी चवीपुरती घ्यावी, पेग भरून नाही, कारण तिची तीव्रता हाताहाताने बदलते. सल्फीचा रस सकाळी गोडसर आणि सौम्य असतो, दिवस चढतो तसा आंबत जाऊन कडक होतो. उन्हात गार सरबत समजून पेलेभर प्यायलं की माणूस फसतो.

अनोळखी ठिकाणची, बेकायदा, स्वस्त दारू तर कधीही घेऊ नका. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसांचा जीव घेतला. अशा दारूत मिथेनॉल असतं. पहिल्या काही तासांत साध्या नशेपेक्षा वेगळं काही जाणवत नाही. १२ ते २४ तासांनी नजर धूसर होते, पोटात दुखतं, श्वास जोराने चालतो. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, तर पाणी पाजत बसू नका, रुग्णालय गाठा. वेळेत उपचार झाले तर डोळे आणि जीव वाचू शकतात.

हँगओव्हर समजून थांबू नका

हाक मारून, चिमटा काढून जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहे किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतं, अंग गार आणि ओठ निळसर झाले आहेत, झटका आला, बेशुद्धीत उलटी होते आहे, डोक्याला मार लागला आहे, उलटीत रक्त आहे. यांतलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. रायपुरात एम्स आणि मेकाहारा म्हणून ओळखलं जाणारं डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय ही मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात पाणी, ताक, लिंबूपाणी काहीही ओतू नका. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून एकटं सोडू नका. पोटात गेलेली दारू झोपेतही रक्तात चढत राहते.

रोज पिणाऱ्याने एके दिवशी थांबवल्यावर हात कापू लागले, घाम फुटला, झोप उडली, भास होऊ लागले, तर तो हँगओव्हर नाही. शरीर दारूवाचून बिथरलं आहे आणि दोन-तीन दिवसांत ते जिवावर बेतू शकतं. अशा माणसाने निर्धार करून एकट्याने दारू तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक १४४४६ यांवर मोफत सल्ला मिळतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारखी केंद्रं कुटुंबालाही सोबत घेऊन उपचार करतात. त्यामुळे घरच्यांनीही मदत मागायला संकोचू नये.

यजमानांसाठी

ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांच्या हातात बरंच काही आहे. मांडवात पाण्याचे माठ आणि ताकाची व्यवस्था दाराशीच ठेवा, शेवटच्या पंक्तीपर्यंत ती संपू देऊ नका. जेवण बैठकीच्या आधी वाढा. न पिणाऱ्यांसाठी पन्हं, सरबत तितक्याच मानाने मांडा. परगावच्या पाहुण्यांची झोपण्याची सोय करा, म्हणजे कुणाला पहाटे गाडी काढावी लागणार नाही. वाढप्यांना, चालकांना, बँडवाल्यांनाही पाणी आणि जेवण वेळेवर मिळू द्या, कारण उन्हात सर्वांत जास्त राबतात ते हेच लोक.

आपल्याकडे पंगतीत आग्रह करण्याची रीत आहे. जिलबीचा आग्रह खुशाल करा. ग्लासाचा करू नका. कुणी ‘नको’ म्हणाला की त्याच्या हाती पाणी द्या आणि कारण विचारू नका.